सीपॅप आणि डिप्रेशन: वाईट दिवसांत मशीन लावणं कसं जमवता?

रानजाई
नमस्कार मंडळी. घोरण्यावर इथे आधी बरंच बोलणं झालंय, पण मला नेमकं जे विचारायचंय ते कुठे सापडलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी नाशिकला शाळेत शिकवते, वय ४७. डिप्रेशनचं निदान होऊन बरीच वर्षं झाली, एस्सिटालोप्राम चालू आहे. गोळीने रडू येणं, धडधडणं कमी झालं पण थकवा काही हटेना. सकाळी उठतानाच डोकं ठणकतं आणि चौथ्या तासाला मुलं गणितं सोडवत असताना माझे उभ्या उभ्या डोळे मिटायला लागतात. सगळे म्हणायचे पाळी जायचं वय आहे, होतं असं. गेल्या वर्षी डॉक्टर बदलले. नवीन मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, घोरता का, रात्री लघवीला किती वेळा उठता, सकाळी तोंड कोरडं असतं का. मग स्लीप स्टडी झाली. एएचआय ३८, म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास थांबतोय नाहीतर अर्धवट होतोय, आणि ऑक्सिजन ७६ पर्यंत उतरत होता. ऑटो सीपॅप घेतलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन.

सुरुवातीला खरंच फरक पडला, डोकेदुखी गेली, रात्रीचं उठणं कमी झालं. पण मधे डिप्रेशनचा वाईट काळ आला आणि मशीन सुटलं ते सुटलंच. काम किती, तर टाकीत पाणी भरायचं, नळी जोडायची, पट्टा डोक्यावरून घ्यायचा, बटण दाबायचं. दोन मिनिटं. पण ज्या रात्री दात घासायलाही उठवत नाही त्या रात्री ती दोन मिनिटं कुठून आणायची? आणि लावलं नाही की झोप खराब, झोप खराब की दुसरा दिवस आणखी वाईट, की रात्री पुन्हा लावायची ताकद नाही. यातून बाहेर कसं पडायचं ते विचारायला आलेय.

ज्यांना दोन्ही आहे त्यांनी प्लीज लिहा. "मनावर घे" हा सल्ला नको, तो घरी रोज मिळतो.

तळेगावकर
रानजाई, आठ-नऊ वर्षं मशीन वापरतोय. डिप्रेशनबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही, पण मशीनबद्दल विचारतो. मास्क कुठला आहे, नुसता नाकाचा की नाकतोंड दोन्हीचा? सकाळी घसा कोरडा पडतो का? रात्री फुस्स आवाज येतो का? आणि प्रेशरचं सेटिंग काय आहे? माझा अनुभव असा की लोक म्हणतात इच्छा होत नाही, आणि खोदून विचारलं की कळतं मास्क नाकाच्या हाडावर रुततोय.

मोगरा_गच्ची
रानजाई, अगदी माझ्या नवऱ्याची गोष्ट लिहिलीस. त्याला दोन्ही आहे. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

सातारी_कंदी
राग मानू नका ताई, पण घोरण्याचं एवढं मोठं काय झालंय हल्ली? आमचं आजोबा घोरायचं तर शेजारच्या आळीत ऐकू यायचं, नव्वदीला टेकलं तरी शेतावर जात होतं. वजन उतरवा, रोज प्राणायाम करा, रात्री लवकर जेवा. मशिनीची सवय लागली की सुटायची नाही.

निशाचर_डॉ
सातारी_कंदी, मी चेस्ट फिजिशियन आहे म्हणून लिहितो. नुसतं घोरणं आणि स्लीप ॲप्निया यात फरक आहे. ॲप्नियात श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो, पेशंट पुन्हा झोपतो आणि सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. तासाला ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. रानजाईंचा ३८ आहे. बप्पी लाहिरींचं २०२२ साली निधन झालं तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं होतं, त्यानंतर काही महिने आमच्याकडे चौकशा वाढल्या होत्या, मग लोक विसरले.

वजनाचा मुद्दा खरा आहे, पण सगळे पेशंट जाड नसतात. लहान, मागे असलेला जबडा, मोठे टॉन्सिल, घशाची ठेवण, बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरचे बदल, बरंच काही असतं. बायकांचं निदान तर हमखास उशिरा होतं कारण त्या येऊन "घोरते" असं सांगत नाहीत, थकवा, झोप न लागणं, उदास वाटणं हेच सांगतात आणि कागदावर डिप्रेशन किंवा मेनोपॉज लिहिलं जातं. ताई, तुमच्या मॅडमनी लघवीचं विचारलं ते फार नेमकं विचारलं. घसा बंद असताना छाती हवा ओढायला जोर लावते, हृदय ताणलं जातं आणि ते लघवी वाढवणारं हार्मोन सोडतं. असा पेशंट मधुमेहाच्या तपासण्या करत फिरतो.

आणि सवयीबद्दल. सीपॅप काही नशा नाही. १९८० साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी ते पहिल्यांदा वापरलं, त्याआधी तीव्र ॲप्नियावर खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडणं हाच होता.

सातारी_कंदी
गळ्याला भोक? बापरे. हे माहीत नव्हतं डॉक्टर. पण शंखाचं काय? शंख वाजवल्याने घोरणं कमी होतंय असं संशोधन आलंय म्हणे, व्हॉट्सॲपवर फिरत होतं.

निशाचर_डॉ
ते खरं आहे, फॉरवर्ड असूनही. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी छापलंय. ३० पेशंट होते, त्यातल्या काहींनी सहा महिने शंख वाजवला, बाकीच्यांनी दीर्घ श्वसन केलं. शंखवाल्यांची दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली आणि श्वास थांबणं तासाला सरासरी चार-पाचने उतरलं. घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो हे पटण्यासारखं आहे. पण अभ्यास लहान आहे, आणि ३८ मधून पाच वजा केले तरी ३३ उरतात. शंख जरूर वाजवा, मशीनच्या जोडीला.

वऱ्हाडी_ठेचा
पहाटे पाचला शंख वाजवला तं माह्या शेजाऱ्याले ॲप्निया नाही, हार्ट अटॅक येईन 😀

रानजाई
तळेगावकर, नाकाचा मास्क आहे. रात्री तोंड उघडं पडतं, पहाटे घसा कोरडा ठक्क असतो. प्रेशर ४ ते २० असं लिहिलंय. डीलरने घरी आणून दिलं, वीस मिनिटांत समजावलं आणि गेला, फोन केला की म्हणतो सवय होईल. लावल्या लावल्या मला हवाच कमी पडतेय असं वाटतं आणि जीव घुसमटतो, मग काढून टाकते.

तळेगावकर
वाटलंच होतं! ४ ते २० म्हणजे मशीन कारखान्यातून येतं तेच सेटिंग. तुमच्यासाठी कुणी काही ठरवलेलंच नाही. ४ वर बऱ्याच मोठ्या माणसांना गुदमरल्यासारखं होतं. स्वतः बदलू नका, पण मशीनचं कार्ड घेऊन स्लीप डॉक्टरांकडे जा, मशीन रोज रात्री किती प्रेशरवर चालतंय ते त्यात दिसतं, त्यावरून ते खालचा आकडा वाढवून देतील. तोंड उघडं पडतंय तर नाकतोंडाचा मास्क ट्राय करा, चांगले डीलर दोन-तीन प्रकार घालून बघू देतात. आणि मास्क झोपून, मशीन चालू करून बसवा. बसल्या बसल्या पट्टे आवळले की कुशीवर वळताच गळती सुरू होते. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट वाढते.

निशाचर_डॉ
तळेगावकरांशी शंभर टक्के सहमत. जोडीला श्वास सोडताना प्रेशर थोडं कमी करायची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती चालू आहे का बघायला सांगा. नाक चोंदत असेल तर त्याचा इलाज आधी करा.

आता मला दुसरी गोष्ट विचारायची आहे. झोपेसाठी वेगळी गोळी आहे का? अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीतली? या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात आणि श्वास अडकल्यावर जाग यायला उशीर होऊ शकतो. दारूचंही तेच. पण चालू असेल तर स्वतःहून अचानक बंद करायची नाही, त्याचा वेगळा त्रास होतो. मानसोपचारवाल्या मॅडमना स्लीप रिपोर्ट दाखवा आणि स्लीप डॉक्टरांना गोळ्यांची यादी. आपल्याकडे दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतील याची वाट बघत बसलात तर आयुष्य जाईल, कागद तुम्हालाच फिरवावे लागतात.

बोस्टनवाला_बंड्या
इथे अमेरिकेत वेगळीच तऱ्हा आहे. मशीन सुरुवातीला भाड्याने मिळतं आणि इन्शुरन्सवाले वापर मोजतात, तीस दिवसांच्या काळात सत्तर टक्के रात्री किमान चार तास. नाही जमलं तर मशीन परत मागू शकतात. बरं, मशीनमध्ये मोडेम असतो त्यामुळे कुणाला काही सांगावं लागत नाही, सगळं आपोआप कळतं. डिप्रेशनमध्ये असलेल्या माणसाला रोज सकाळी ॲप उघडून शंभरपैकी मार्क बघायचे म्हणजे शिक्षाच आहे. माझ्या थेरपिस्टने सांगितलं, ॲपची नोटिफिकेशनं बंद कर, आकडे महिन्यातून एकदा डॉक्टरांनी बघायचे, तू नाही. त्या एका गोष्टीने माझं अर्धं ओझं उतरलं. रानजाई, तुम्ही रोज बघता का?

रानजाई
बघायचे. शून्य तास शून्य मिनिटं दिसायला लागल्यावर ॲपच काढून टाकलं.

मोगरा_गच्ची
आता सविस्तर. आमच्याकडे रोज रात्री दहाला एकच संवाद व्हायचा. "लावलंस का?" "लावतो." "कधी?" आणि पुढे भांडण. एकदा तो शांतपणे म्हणाला की तू विचारतेस तेव्हा मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं आणि मी नापासच होणार हे मला आधीच माहीत असतं. मग आम्ही समुपदेशकांकडे बसून कामं वाटून घेतली. पाणी भरणं, सकाळी टाकी रिकामी करून पालथी घालणं, मास्कची उशी साबणाच्या पाण्याने धुणं, रविवारी नळी धुऊन वाळत घालणं, फिल्टर बघणं, हे सगळं माझ्याकडे आणि मुलीकडे. त्याने फक्त डोक्यावरून पट्टा घ्यायचा. आणि "लावलंस का" हा प्रश्न घरात बंद.

दुसरं म्हणजे मास्क झोपायच्या वेळेला लावायचाच नाही. साडेनऊला तो पलंगावर टेकून क्रिकेट नाहीतर बातम्या बघत असतो तेव्हाच लावतो, मशीन चालू करूनच. त्याचं म्हणणं, रात्री अकरानंतर त्याच्या डोक्यात सगळे वाईट विचार रांग लावतात, तेव्हा कुठलाच निर्णय घ्यायची वेळ येऊ नये. साडेनऊला तो बरा असतो. मुलगी लहान होती तेव्हा त्याला पायलट म्हणायची, "पायलटबाबा गुड नाइट". त्याचाही उपयोग झाला असेल, कोण जाणे.

गोमंतक_सुशेगाद
मोगरा, "कुठलाच निर्णय घ्यायची वेळ येऊ नये" हे फार महत्त्वाचं लिहिलंय. मला पंधरा वर्षांपासून डिप्रेशन आहे, ॲप्निया नंतर कळला. बाहेरच्यांना वाटतं हा माणूस मास्क लावायला कंटाळतो. पण डिप्रेशनमध्ये आधी "लावून काय उपयोग" हा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाला रात्री अकरा वाजता माझ्याकडे उत्तर नसतं. सकाळी नऊला असतं. म्हणून सकाळचा मी रात्रीच्या माझ्यासाठी तयारी करून ठेवतो, अंथरूण घातलेलं, मशीन उशीपाशी, नळी जोडलेली, पाणी भरलेलं, गोळी वाटीत. कपाटात ठेवलेलं मशीन मी वाईट दिवसात कधीच काढणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. मशीन नजरेसमोरून हलवायचं नाही, पाहुणे आले तरी नाही.

लख्ख
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. सीपॅप सुरू केल्यावर तीन-चार महिन्यांत माझं डिप्रेशन गेलं. पूर्ण. मग मी गोळ्या बंद केल्या, आज दोन वर्षं काही त्रास नाही. मला तर वाटतं अर्ध्या लोकांना डिप्रेशन नसतंच, ऑक्सिजन कमी पडत असतो.

गोमंतक_सुशेगाद
लख्ख, तुमचं बरं झालं याचा मनापासून आनंद आहे. पण मी सीपॅप नियमित वापरतो, एएचआय दोनच्या आसपास असतो आणि तरीही मला गोळ्या लागतात. असं सरसकट लिहिलं की माझ्यासारख्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

निशाचर_डॉ
दोघांचंही खरं आहे. थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, कशात रस न वाटणं ही लक्षणं दोन्ही आजारांत येतात, त्यामुळे काहींच्या बाबतीत डिप्रेशन वाटलेलं मुळात ॲप्नियाचंच असतं. काहींना दोन्ही स्वतंत्रपणे असतात. ते आधी ओळखता येत नाही, काही महिने मशीन नीट वापरून बघितल्यावरच कळतं. आणि बरं वाटलं तरी गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू कमी करायच्या. हे वाचून कुणीही आज रात्री गोळी बंद करू नका.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात वेगळाच तमाशा राह्यते. पंचेचाळीस डिग्री, कूलर चालू, हवा अगोदरच ओली, त्यात मशीनचा ह्युमिडिफायर (हवा ओली करणारी पाण्याची टाकी) लावला तं नळीत पाणी साचून नाकात थेंब. उन्हाळ्यात मी ह्युमिडिफायर बंदच ठेवतो. लाइन गेली तं इन्व्हर्टरवरही मशीन जास्त वेळ चालते मंग, पाणी गरम करायलेच जास्त करंट लागते. ज्याईले इन्व्हर्टरचं टेन्शन आहे त्याईनं करून पाहा.

सह्याद्री_एक्सप्रेस
प्रवासाचं पण सांगा ना कुणीतरी. लग्नाला गावी जायचंय, रात्रीची गाडी आहे.

तळेगावकर
रेल्वेत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे प्लग बंद ठेवतात बऱ्याच गाड्यांत, तिथल्या विजेच्या भरवशावर राहू नका. मशीनची वेगळी बॅटरी मिळते, महाग आहे. एक रात्र असेल तर कुशीवर झोपा आणि पाठीवर वळू नये म्हणून पिशवी पाठीशी ठेवा. विमानात मशीन केबिनमध्येच न्या, चेक-इनला देऊ नका. टाकी रिकामी करून न्या, एकदा एका गृहस्थांच्या बॅगेतलं पाणी मशीनमध्ये शिरलेलं बघितलंय.

आंबेमोहोर
डॉक्टर, ते वजनाचं इंजेक्शन घेतलं की मशीन सुटतं का? माझ्या भावाला कुणीतरी सांगितलंय.

निशाचर_डॉ
टिर्झेपटाइडबद्दल विचारताय. लठ्ठपणा आणि मध्यम ते तीव्र ॲप्निया अशा दोन्ही असलेल्यांसाठी अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यता दिलीय. वजन उतरलं की एएचआय उतरतो, काहींचं मशीन सुटतं, सगळ्यांचं नाही. इंजेक्शन सुरू केलं म्हणून मशीन बंद करायचं नसतं, वजन उतरल्यावर पुन्हा स्लीप स्टडी करून ठरवायचं. आणि भावाला डिप्रेशन असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

शून्यप्रहर
बरेच दिवस नुसता वाचतोय. लिहू की नको करत होतो. मशीन माझ्याकडेही आहे. लावत नाही त्याचं खरं कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही. झोपताना मनात येतं की श्वास थांबला तर थांबला. काही करावं लागणार नाही. एवढंच.

रानजाई
शून्यप्रहर, लिहिलंत ते फार बरं केलंत. मला हा विचार माहीत आहे, मीही त्या जागी होते. तुम्ही आत्ता घरी एकटे आहात का? उत्तर द्या प्लीज.

निशाचर_डॉ
शून्यप्रहर, हे वाक्य जसंच्या तसं तुमच्या डॉक्टरांना सांगा, उद्याची वाट न बघता. मशीनचा विषय नंतर. आत्ता बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालू असते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि आज काही करून घ्यावंसं वाटत असेल तर सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, सोबत कुणाला तरी घ्या. असे विचार येणं हे आजाराचं लक्षण आहे आणि त्यावर इलाज आहे. रोज असे पेशंट बरे होताना बघतो म्हणून सांगतोय.

गोमंतक_सुशेगाद
मित्रा, मी तुला खाजगी निरोप पाठवलाय. कितीही वाजले तरी लिही.

शून्यप्रहर
एकटा नाही, भाऊ आहे शेजारच्या खोलीत. त्याला उठवलं. १४४१६ ला फोन केला, बाई बराच वेळ बोलल्या. सकाळी भाऊ सोबत येतोय डॉक्टरांकडे. आभार.

मोगरा_गच्ची
शून्यप्रहर, उद्या जाऊन आलात की एक ओळ लिहा. आम्ही सगळे वाट बघतोय.

सातारी_कंदी
भावा, भाऊ संगं हाय हे लई बरं झालं. काळजी घे.

आंबेमोहोर
मूळ प्रश्नाकडे परत येते. रानजाई, तुम्ही विचारलं होतं की एकदा सुटलं की परत सुरू कसं करायचं. माझी आई ७० वर्षांची आहे, बाबा गेल्यावर तिने मशीन बंद केलं होतं. स्लीप क्लिनिकच्या टेक्निशियन ताईंनी तिला सांगितलं, आजी, पूर्ण रात्रीचं नावच काढू नका. दुपारी चहाच्या आधी पंधरा मिनिटं खुर्चीत बसून मास्क लावा, मशीन चालू, पोथी वाचा. आठवडाभर एवढंच. मग दुपारच्या झोपेला. मग रात्री. आता ती लावून झोपते आणि पहाटे चारला काढून ठेवते, त्यावरून आमची वादावादी चालू आहे.

निशाचर_डॉ
आंबेमोहोर, टेक्निशियन ताईंना माझा नमस्कार सांगा, हेच करायचं असतं. फक्त आईचं पहाटेचं काढणं जमलं तर उलटं करा. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या वेळी स्नायू सगळ्यात सैल असतात आणि बऱ्याच जणांचा ॲप्निया तेव्हाच सर्वांत वाईट असतो. त्यामुळे रात्री अकराला नाही जमलं आणि तीनला लघवीला उठलात, तर तीनला लावा. "आजची रात्र गेलीच" असं म्हणू नका, पहाटेचे तीन तास फार मोलाचे असतात.

रानजाई, हे तुमच्यासाठीही. २०१६ साली सेव्ह नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, २,७००च्या वर पेशंट, सगळे आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले. त्यांचा मशीनचा सरासरी वापर रात्री ३.३ तास इतकाच होता. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे काही कमी झाले नाहीत, त्यावरून बरीच चर्चा झाली. पण दिवसाची झोप कमी झाली आणि मूड सुधारला. साडेतीन तासांच्या आत! पूर्ण रात्र वापरलं तर अर्थातच जास्त चांगलं, पण अर्ध्या रात्रीचा उपयोग शून्य नसतो. सगळं किंवा काहीच नाही, हा हिशोब डिप्रेशन करतं, तो मशीनला लावू नका.

बोस्टनवाला_बंड्या
हे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर! इन्शुरन्सच्या चार तासांच्या नादात साडेतीन तास झाले की मी वाया गेले म्हणायचो.

तळेगावकर
डॉक्टर, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

शून्यप्रहर
जाऊन आलो. गोळी बदललीय, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. भाऊ काही दिवस माझ्याच खोलीत झोपतोय. मशीनचं डॉक्टर म्हणाले हळूहळू बघू.

रानजाई
शून्यप्रहर, वाचून खूप खूप बरं वाटलं. पुढच्या आठवड्यातही लिहा.

मंडळी, आज काय काय केलं ते सांगते. स्लीप डॉक्टरांकडे शनिवारची वेळ घेतली, कार्ड आणि गोळ्यांची यादी पर्समध्ये ठेवलीय. रात्रीची झोपेची गोळी आहे माझी, क्लोनाझेपामच, त्याचं मॅडमना विचारणार. यजमानांना मोगराचा प्रतिसाद वाचायला दिला. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी बघते तर मशीन कपाटातून काढून उशीपाशी ठेवलेलं, टाकी धुतलेली. पाणी मात्र नळाचं भरलं होतं, ते ओतून डिस्टिल्ड आणायला पाठवलं. आज रात्रीचं ठरवलेलं नाही, तीनला जाग आली की लावेन.

एक प्रश्न राहिलाय. नाकतोंडाचा मास्क घेतला तर चष्मा घालून वाचता येतो का? मला झोपायच्या आधी चार पानं तरी वाचायची असतात.

तळेगावकर
येतो. नाकाच्या खालून बसणारे नाकतोंडाचे मास्क मिळतात, हाडावर काहीच येत नाही आणि चष्मा आरामात बसतो. शनिवारी तोच आधी घालून बघायला मागा, आणि चष्मा सोबत न्या.